व्हेंजन्स द्या, पण खोडींसकट द्या

ऑनलाइन विमानयुद्धाचा खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या विमान विभागास खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खेळात माझी सात वर्षे गेली. नोकरी, घर सगळे सांभाळून, रात्री जेवणे आटोपली की हेडफोन लावून बसतो. नाशिकहून तुमच्या त्यातल्या त्यात जवळच्या सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन यायचा वेळ, चांगल्या दिवशी नव्वद मिलिसेकंद असतो, पावसाळ्यात दीडशे. त्याबद्दल तक्रार नाही. इन्व्हर्टर ऐन लढाईत कुंई करतो, त्यातही तुमचा दोष नाही.

हे पत्र मराठीत का, असे तुम्हाला वाटेल. इंग्रजीत तीनदा लिहून झाले. तिन्ही वेळा एकच छापील उत्तर आले, की आपली सूचना नोंदवून घेतली आहे. आमच्याकडे सरकारी कचेरीत अर्जावर ‘आवक’चा शिक्का मारून देतात, त्यातलाच प्रकार. म्हणून या खेपेला माझ्या भाषेत आणि चारचौघांसमोर लिहितो आहे. भाषांतर करून घ्यायची सोय तुमच्याकडे असणारच. आणि हे वाचणारे इकडे बरेच आहेत, त्यातले निम्मे रात्री अकरानंतर तुमच्याच आकाशात असतात.

मागणी एकच आहे. व्हल्टी व्हेंजन्स हे दुसऱ्या महायुद्धातले डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान खेळात घ्या.

मागच्या शनिवारची गोष्ट सांगतो. स्टुका हे जर्मन डाइव्ह बॉम्बर घेऊन निघालो होतो. चार हजार मीटरपर्यंत चढायला इतका वेळ लागला की मधे उठून पाणी पिऊन आलो. चॅटमध्ये आमच्याच बाजूच्या कुणीतरी टाकले, ‘बॉम्बर म्हणजे फुकटचा किल’, म्हणजे आयती शिकार. त्यावर तिघांनी हसण्याच्या खुणा केल्या. मी काही बोललो नाही. लक्ष्यावर आलो, विमान उलटे केले, सुराचा वेग रोखणारे पंखांवरचे ब्रेक उघडले आणि नाक थेट जमिनीकडे केले. बंकर बरोबर दर्शकाच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, मध्यात होता. आणि मग नेहमीचे सुरू झाले. नाक बंकरवर असूनही विमान हळूहळू पुढे सरकायला लागले. दर्शक ओढून परत बंकरवर आणावा, की ते पुन्हा निसटते. शेवटी अंदाजाने बॉम्ब सोडला तो वीसेक मीटर पलीकडे पडला. वर येताना एका फायटरने मला टिपले. चॅटमध्ये पुन्हा तीन हसण्याच्या खुणा.

यात माझे हात कच्चे आहेत हे मान्य. पण दर्शक निसटतो त्याचे कारण हातात नाही, पंखात आहे. आणि नेमक्या त्या कारणावर एका विमानाने उपाय काढला होता. तेच विमान तुमच्या यादीत नाही.

विमानाचा पंख धडाला अगदी सरळ बसवत नाहीत. पुढची कड किंचित उचललेली ठेवतात. त्यामुळे धड आडवे असतानाही पंखाला हवेशी कोन मिळतो आणि विमान तरंगते, पायलटला समोरचे नीट दिसते. सरळ उडायला ही रचना उत्तम. पण सूर मारायची वेळ आली की हाच कोन वैरी होतो. नाक काटकोनात जमिनीकडे असले तरी पंख आपले काम सोडत नाही, तो विमानाला पाठीच्या दिशेने ओढत राहतो. मग पायलटला नाक आणखी आत ढकलावे लागते, म्हणजे बघायचे एकीकडे आणि जायचे दुसरीकडे. व्हेंजन्सच्या आराखड्यात हा कोन सरळ शून्य ठेवला. पंख आणि धड एका रेषेत. त्यामुळे ते नव्वद अंशांत खाली येते तेव्हा ओळंब्यासारखे येते. जिथे नाक तिथे विमान.

हे मला पुस्तकात वाचून पटले नव्हते. माझा भाचा सातवीत आहे, त्याला घेऊन दिवाळीच्या सुटीत गच्चीवर प्रयोग केला. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलची दोन विमाने कापली. दोन्हींच्या नाकात खिळे खोचून वजन सारखे केले. एकाचा पंख धडाला सपाट चिकटवला, दुसऱ्याच्या पंखाच्या पुढच्या कडेखाली आगकाडीचा तुकडा सरकवला. फरक इतकाच. मग दोन्ही नाक खाली करून गच्चीवरून सोडली. सपाट पंखाचे खाली तुळशीच्या कुंडीशेजारी टप्पकन पडले. आगकाडीवाले दुसऱ्या मजल्यापर्यंत नीट गेले, मग त्याने पोट वळवले आणि शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीत जाऊन अडकले. दहा वेळा सोडले, आठ वेळा हेच झाले. भाच्याने वहीत तक्ता केला. काकूंनी तक्ता केला नाही, पण त्यांनीही मोजले असावे.

या शून्य कोनाची किंमत दुसरीकडे मोजावी लागली, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. सपाट उडायचे तर पंखाला कोन लागतोच. तो बसवणीत नसेल तर अख्खे विमान मागे कलवून द्यावा लागतो. म्हणून व्हेंजन्स सरळ जाताना नाक वर आणि शेपूट खाली करून जायचे. पायलटच्या पुढे एवढे लांब नाक, त्याच्या टोकाला चौदा सिलिंडरचे राइट सायक्लोन इंजिन, आणि ते सगळे आभाळाकडे तोंड करून. समोरचे दिसणार काय? उतरताना तर आणखी पंचाईत.

आणि त्याचा पंख! वरून पाहिला तर इंग्रजी डब्ल्यूसारखा. मधला भाग मागे कललेला, बाहेरचा सरळ. यामागे काही खोल विचार असेल असे मला कितीतरी दिवस वाटत होते. तसे काही नव्हते. विमानाचा भारमध्य काढताना हिशेब चुकला होता. चूक लक्षात आली तेव्हा मधला भाग पुन्हा आखण्यापेक्षा बाहेरचे पंख सरळ करून जुळवून घेतले. आमच्याकडे गवंडी भिंत थोडी बाहेर गेली की गिलाव्यात सांभाळून घेतो, तसे. मला हे विमान आवडायला लागले ते इथून.

आकडे तुमच्याकडे असतीलच, तरी मोजके सांगतो. दोन माणसांचे विमान. पंखांचा विस्तार ४८ फूट, म्हणजे स्टुकापेक्षाही मोठे. भरलेले वजन साडेसहा टनांच्या आसपास. इंजिन १,६०० अश्वशक्तीचे, कमाल वेग ताशी साधारण ४४० किलोमीटर. पोटात ५०० पौंडांचे दोन बॉम्ब आणि पंखाखाली २५० पौंडांचे दोन. सुरुवातीच्या प्रकारात पंखात चार हलक्या मशीनगन आणि मागच्या माणसाकडे दोन. पंखाच्या वर आणि खाली दोन्हीकडे उघडणारे ब्रेक. राइट कंपनीचे हेच इंजिन बी-२५ मिचेल या बॉम्बरवर जोडीने होते, आणि मिचेल तुमच्याकडे आहे. तेव्हा इंजिनाचा आवाज तरी नव्याने ध्वनिमुद्रित करायला नको.

या विमानाचा जन्मही जरा विचित्र. पहिली मागणी फ्रान्सने १९४० मध्ये नोंदवली. विमान तयार व्हायच्या आत फ्रान्सच पडला. ब्रिटिशांनी ती मागणी उचलली. पहिले उड्डाण मार्च १९४१ मध्ये झाले. तोवर ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्टुकाची कशी दैना उडते हे सगळ्यांनी पाहिले होते, आणि डाइव्ह बॉम्बर या जातीवरचाच विश्वास उडत चालला होता. मग ही विमाने युरोपच्या आघाडीवर न पाठवता इकडे भारतात आणि तिकडे ऑस्ट्रेलियात पाठवली. एकूण १,९३१ बनली. अमेरिकेने स्वतः ती लढाईत वापरली नाहीत, प्रशिक्षणाला आणि नेमबाजांच्या सरावाचे लक्ष्य ओढायला वापरली. ऑस्ट्रेलियाला ३४२ मिळाली, तिथल्या स्क्वॉड्रन न्यू गिनीला गेल्या आणि काही महिन्यांतच, मार्च १९४४ मध्ये, मागे बोलावल्या गेल्या. एवढे वाचून तुमच्यातला कुणीही म्हणेल, की हे तर फसलेले विमान. आम्हाला ते कशाला?

पण आता ब्रह्मदेशाकडे या.

ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानच्या जंगलात जपान्यांनी टेकड्यांच्या माथ्यावर आणि उतारांवर बंकर खणले होते. जाड ओंडके, त्यावर मातीचे थर, वर गवत. चारशे मीटरवरून दिसायचे नाहीत. आडवे उडत बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला त्या जंगलात एखादी टेकडी सापडली तरी पुष्कळ. शिवाय आपले सैनिक खाली उतारावर, बंकरपासून हाकेच्या अंतरावर पडलेले. बॉम्ब शंभर मीटर अलीकडे पडला तर आपलेच मरायचे. अशा ठिकाणी ओळंब्यासारखे खाली येणारे विमान लागते. तोफखान्याने धुराचा गोळा टाकून जागा दाखवायची, दहा-बारा हजार फुटांवर सहा-सहाच्या गटाने आलेल्या व्हेंजन्सनी ती हेरायची, आणि एकामागून एक उलटे होऊन सूर मारायचा. विहिरीच्या काठावरून पोरे एकापाठोपाठ एक उड्या घेतात तसे.

जपान्यांविरुद्ध व्हेंजन्सची पहिली कामगिरी मार्च १९४३ मधली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या ४५, ८२, ८४ आणि ११० या चार स्क्वॉड्रन या विमानांवर होत्या. ८४ आणि ११० आसामातल्या सिलचरजवळच्या कुंभीरग्रामच्या तळावरून उडत. आज सिलचरला विमानाने गेलात तर त्याच कुंभीरग्रामला उतरता. जानेवारी १९४४ मध्ये माँगडॉ ते बुथिडाँग रस्त्यावरच्या राझाबिलच्या ठाण्यावर हल्ला झाला तेव्हा लिबरेटर आणि मिचेल या मोठ्या बॉम्बरांच्या बरोबर व्हेंजन्सही होती. नंतर मार्चपासून इम्फाळ आणि कोहिमाच्या लढाया.

आणि यात दोन स्क्वॉड्रन आमच्या होत्या. भारतीय हवाई दलाची ७ आणि ८. दोन्हींची स्थापना एकाच दिवशी, १ डिसेंबर १९४२ ला. सातवी विशाखापट्टणमला, आठवी तिरुचिरापल्लीला. सातवीचे प्रमुख हेम चौधरी, आठवीचे निरंजन प्रसाद. विमाने नवीन होती आणि त्यांच्या तक्रारीही नवीन होत्या. इंजिन तेल पीत होते, तापत होते, सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते. तयारीत वर्ष गेले. आठवी डिसेंबर १९४३ मध्ये आराकानच्या आघाडीवर उतरली, सातवी मार्च १९४४ मध्ये सिलचरजवळच्या उधारबंदला आली. पुढे १९७१ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख असलेले प्रतापचंद्र लाल त्या वेळी सातव्या स्क्वॉड्रनमध्ये व्हेंजन्स उडवत होते. त्यांनी सुरुवात नेव्हिगेटर म्हणून केली होती, पायलट नंतर झाले. सातवी स्क्वॉड्रन आजही आहे. कारगिलच्या लढाईत जून १९९९ मध्ये टायगर हिलवर मिराज २००० मधून लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले ते हिनेच. डोंगरमाथ्यावरच्या बंकरवर नेमका बॉम्ब टाकायचा, हे काम पंचावन्न वर्षांनी पुन्हा त्याच नंबरच्या वाट्याला आले.

तुमच्या खेळात भारतातून खेळणारे थोडेथोडके नाहीत. आमच्यासाठी म्हणून तुम्ही आजवर काय दिले? जेट विमानांवरची भारतीय हवाई दलाची वर्तुळे. ती बरी आहेत, माझा भाचा त्यांच्यावर खूश आहे. पण महायुद्धाच्या टियरमध्ये, म्हणजे खेळातल्या त्या काळाच्या पायरीवर, आम्ही जर्मनांचे उडवतो, रशियनांचे उडवतो, जपान्यांचेही उडवतो. आपल्या माणसांनी उडवलेले विमान उडवायला मिळत नाही.

आता मला भीती कशाची वाटते ते सांगतो. तुम्ही विमान द्याल आणि वाट लावाल.

पहिली भीती रंगाची. भारतीय स्किन, म्हणजे विमानाची रंगरंगोटी, म्हटले की तुमचे चित्रकार शेपटीवर तिरंगा रंगवतील. कृपा करून तसे करू नका. १९४४ च्या व्हेंजन्सवर तिरंगा असणे शक्यच नव्हते. गंमत म्हणजे ब्रिटिशांचे नेहमीचे लाल ठिपक्याचे वर्तुळही नव्हते. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, म्हणून या आघाडीवरच्या सगळ्या विमानांवरचा लाल रंग काढूनच टाकला होता. उगाच आपल्याच माणसांनी गोळ्या घालू नयेत म्हणून. गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका, एवढीच खूण. दिसायला साधी. पण ती बघून ज्याला कळायचे त्याला लगेच कळेल, की हे ब्रह्मदेशाच्या आघाडीचे विमान आहे. तिरंगा लावलात तर आमच्यातले अर्धे टाळ्या वाजवतील आणि उरलेले अर्धे डोक्याला हात लावतील. मी दुसऱ्या अर्ध्यात.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे, नाजूक आहे. इम्फाळला समोरच्या बाजूला जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनाही होती. एकाच गावातला एक मुलगा इकडे आणि दुसरा तिकडे, असे झालेले आहे. मणिपुरातल्या सांगशाकला मार्च १९४४ मध्ये जपान्यांची वाट अडवून धरणाऱ्यांत ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातली ४/५ मराठा बटालियन होती. त्यातली माणसे घरी परतली तेव्हा या लढाईचे कौतुक करायचे की नाही हे कुणालाच नीट कळत नव्हते. बरेच जण गप्पच राहिले. हा गुंता तुमच्या खेळाने सोडवावा अशी अपेक्षा नाही. पण विमानाच्या माहितीपट्टीवर ‘ब्रिटिशांसाठी लढणारे भारतीय’ असे एका फटक्यात लिहून मोकळे होऊ नका. दोन ओळी जास्त लिहा.

दुसरी भीती अशी, की तुम्ही त्याला सरळ कराल. नाक वर करून उडणारे विमान पाहून एखादा परीक्षक नोंद करील, की मॉडेल चुकले आहे, विमान तिरके उडते. आणि कुणीतरी पंख चार अंश उचलून देईल. हा चार अंशांचा व्हेंजन्सही खरोखर होता बरे का. चौथ्या प्रकारात कोन वाढवला, बंदुका जाड केल्या, समोरचे दिसायला लागले. चांगले विमान झाले असेल. पण मग ते चारचौघांसारखे झाले. आमच्या दोन्ही स्क्वॉड्रननी शून्य अंशाची उडवली. आम्हाला ती हवीत.

इथे एक अडचण तुमचीच आहे. तुमच्या खेळात बहुतेक जण विमानाच्या मागून, वरून बघत उडवतात. त्या कॅमेऱ्याला नाक कुठे आहे याचे सुखदुःख नाही, त्याला सगळे दिसते. म्हणजे व्हेंजन्सचा सर्वांत मोठा दोष त्या खेळाडूला जाणवणारच नाही, आणि गुण मात्र आयता मिळेल. काटकोनात सूर मारला की दर्शक खिळ्यासारखा बसलेला. असे झाले तर आठवड्याभरात ओरड होईल, की विमान फार सोपे आहे. मग तुम्ही बॉम्बचा फैलाव वाढवाल, आणि उरलासुरला गुणही जाईल. हे मी याआधी दुसऱ्या विमानांचे होताना पाहिले आहे.

माझी सूचना अशी. कॉकपिटमधून उडवायच्या प्रकारात हे विमान मनापासून बनवा. आधी लक्ष्य नाकाखाली गायब होऊ द्या. बरोबर वर आलो की नाही हे पायलटला बाजूच्या काचेतून आणि अंदाजाने ठरवावे लागू द्या. मग विमान उलटे झाले की पहिल्यांदाच सगळे जंगल समोर उघडते, हा जो क्षण आहे तो द्या. ब्रेक उघडल्यावर वेग ठरावीक ठिकाणी थांबला पाहिजे, आणि ओढून बाहेर काढताना काठी जड झाली पाहिजे. बाहेरच्या कॅमेऱ्याच्या प्रकारात हवे तर ते एक टियर वर ठेवा, मी भांडणार नाही.

तिसरी भीती पैशांची. हे विमान तुम्ही प्रीमियमच्या खोक्यात घालाल, सोबत एक टोपी, दोन स्टिकर, आणि किंमत आमच्या महिन्याच्या इंटरनेटच्या बिलाच्या चौपट. घेणारे घेतील. मीही कदाचित घेईन, बायकोला न सांगता. पण ग्राइंड करून, म्हणजे पैसे न देता खेळून कमवून, मिळणाऱ्या विमानांच्या झाडात ते असले पाहिजे, म्हणजे जो पोरगा सायबर कॅफेसारख्या मशीनवर सेकंदाला पंचवीस फ्रेममध्ये खेळतो त्यालाही ते मिळेल.

कॅनडात मिसिसागाला असलेला आमचा एक दादा आमच्या गटात खेळतो. त्याचे म्हणणे, की मागायचेच तर मॉस्किटो हे वेगवान ब्रिटिश विमान माग, निदान जिंकशील तरी. त्याचा मुद्दा चूक नाही. ब्रह्मदेशातच व्हेंजन्सच्या जागी पुढे मॉस्किटो आणि बॉम्ब लावलेली फायटर आली, कारण ती चार कामे करायची. जुलै १९४४ मध्ये व्हेंजन्सचे तिथले काम संपले. सातवी हरिकेन या फायटरवर गेली, आठवी स्पिटफायर या फायटरवर. ११० व्या स्क्वॉड्रनमधली काही माणसे आणि विमाने तर त्यानंतर पश्चिम आफ्रिकेत ताकोरादीला पाठवली, पंखाखाली फवारे लावून मलेरियाचे डास मारायच्या प्रयोगासाठी. दादाला हे सांगितले तर तो म्हणाला, मग मिशन तेच ठेवायला सांग. तो थट्टेने म्हणाला, पण मला कल्पना वाईट वाटली नाही.

मॉस्किटो सगळ्यांकडे आहे. ती जिथे असेल तिथे चांगलीच. व्हेंजन्सला मात्र नेमकी जागा लागते. वर आपल्या फायटरांचा पहारा, खाली जंगल, आणि हाकेच्या अंतरावर आपली माणसे. ते नसेल तर हे विमान खरेच फुकटचा किल आहे. म्हणून विमानाबरोबर नकाशाही मागतो आहे. मायू डोंगररांग, तिच्या पोटातून जाणारा माँगडॉ ते बुथिडाँग रस्ता, त्यावरचे जुन्या रेल्वेचे बोगदे. किंवा इम्फाळचे खोरे, चारही बाजूंनी डोंगर, मधे पालेल आणि तुलिहालच्या धावपट्ट्या. सध्या तुमच्या आशियाच्या नकाशांत समुद्र आणि बेटेच फार. डोंगरातून ढग उतरतात, दरी दहा मिनिटांत बंद होते, असा एक तरी नकाशा द्या. आणि बंकरजवळ आपले सैनिक ठेवा. बॉम्ब अलीकडे पडला तर गुण कापा. चांगले कापा. मग बघू चॅटमध्ये कोण हसतो.

मोजमापांचे म्हणाल तर जगात पूर्ण अवस्थेतले व्हेंजन्स एकच उरले आहे, तेही ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये. भारतात एकही नाही. ज्या तळांवरून ते उडले तिथे आता चहाचे मळे, वस्ती, नाहीतर प्रवासी विमानतळ आहे. तेव्हा तुमच्या माणसांना तिथवर जावे लागेल. पत्र्यावरच्या रिव्हेटांची रांगसुद्धा मोजून आणणारी माणसे तुमच्याकडे आहेत, हे मी इतर विमानांवर पाहिले आहे. डब्ल्यूचा तो सांधा, जिथे मागे कललेला भाग संपतो आणि सरळ सुरू होतो, तिथला एक फोटो जास्त काढा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाशिकचा एक खेळाडू
(ओझरच्या धावपट्टीवरून मिग उठले की लहानपणी गणिताचा तास थांबायचा, त्या शाळेतला)

ता. क. थर्माकोलची दोन्ही विमाने अजून आहेत. सपाट पंखाच्या विमानाचे नाक चेपले आहे, पण खाली सरळच जाते. आगकाडीवाल्याची आगकाडी भाच्याने काढून टाकली, कारण काकूंनी तंबी दिली आहे. तुमच्या गणितवाल्यांना हवी असतील तर कळवा. कुरिअरचा खर्च मी करीन, कस्टमला काय सांगायचे ते तुम्ही बघा.